मेश वाय-फाय: फोन जवळचा नोड सोडून लांबच्यालाच का चिकटतो आणि त्याला हलवायचं कसं

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. घरात तीन नोडचा मेश सेट (एकाच नावाचं वाय-फाय घरभर पसरवणारे डबे, त्यातला एकेक डबा म्हणजे नोड) बसवलेला असतो, पैसेही बरे मोजलेले असतात, आणि तरी स्वयंपाकघरात डोक्यावर नोड असताना फोन दिवाणखान्यातल्या नोडला धरून बसतो. व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून थिजतो. वाय-फाय बंद करून परत चालू केलं की फोन निमूट जवळच्या नोडवर येतो आणि सगळं झकास चालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी हे एका वाक्यात सांगितलं होतं: "डोक्यावर डबा टांगलाय मेला, आणि फोन पुढच्यालाच धरून बसलाय. परत दे तो दुकानदाराला."

डबा परत देऊन काही होणार नाही. बंद-चालू केल्यावर जमतं, याचाच अर्थ नोड ठीक आहे, पासवर्ड ठीक आहे, इंटरनेटही ठीक आहे. फोन आपल्या जागेवरून हलायला तयार नाही, एवढंच झालेलं आहे. दुसऱ्या कंपनीचा सेट आणला तरी फोन तोच राहतो. आणि चौथा नोड वाढवला तर बहुतेक वेळा हा त्रास वाढतो. का ते पुढे येईलच.

हलायचं कधी हे फोन ठरवतो

मोबाइलच्या टॉवरची सवय असल्यामुळे आपला समज असा की यंत्रणा फोनला उचलून जवळच्या टॉवरवर ठेवते. मोबाइल नेटवर्कमध्ये ते खरं आहे. फोन मोजमाप कळवतो आणि बदली करायची की नाही ते नेटवर्क ठरवतं. वाय-फायमध्ये उलट आहे. वाय-फायच्या ८०२.११ या मानकात कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटला (म्हणजे वाय-फाय देणाऱ्या डब्याला, आपल्याकडे नोडला) जोडून घ्यायचं आणि तो कधी सोडायचा, हे जोडणारं उपकरण ठरवतं. राउटर फार तर सुचवू शकतो, किंवा हाकलून देऊ शकतो.

फोन कशावर ठरवतो? अंतर त्याला कळत नाही, सिग्नलचा आकडा कळतो. हा आकडा डीबीएममध्ये असतो आणि उण्यात असतो. शून्याच्या जितका जवळ तितका जोरकस, म्हणजे −४५ उत्तम, −६५ चालण्यासारखा, −८० म्हणजे रडतखडत. तीन डीबीचा फरक म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी, दहा डीबीचा फरक म्हणजे दहा पट.

अ‍ॅपलने आपल्या फोनचा नियम उघड करून ठेवलेला आहे. आयफोन आणि आयपॅड चालू जोडणीचा सिग्नल −७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधायलाच निघत नाहीत. निघाल्यावरही नवा सिग्नल जुन्यापेक्षा किमान ८ डीबीने सरस हवा, आणि तेही डेटाची ये-जा चालू असेल तर. फोन नुसता खिशात पडलेला असेल तर १२ डीबीने. अ‍ॅपलचा मॅक संगणक तर आणखी चिवट, त्याचा उंबरठा −७५ चा आणि फरक १२ चा. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक आणि चिपगणिक आकडे बदलतात, पण धाटणी हीच.

आता हे आकडे काकूंच्या घरात ठेवून बघा. पुढे ओटला, म्हणजे दारापुढचा कट्टा, मग दिवाणखाना, मधे उघडा चौक, मागे स्वयंपाकघर, वर माडी आणि त्याच्यावर अगाशी, म्हणजे गच्ची. घर लांबलचक आणि अरुंद, भिंती दीड-दीड फुटाच्या. त्या भिंतींमुळे दिवाणखान्यातला सिग्नल मागे पोचूच नये असं वाटतं. पण दिवाणखान्याचं दार, चौक आणि स्वयंपाकघराचं दार एका रेषेत, आणि नोड ठेवलेला बरोबर त्या दारासमोरच्या फडताळावर. सिग्नलला भिंत लागतच नव्हती. फोन हातात धरून चालत गेलो तर फडताळाशी −४०, चौकात −५८, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी −६७. आणि तिथेच, डोक्यावरच्या नोडचा सिग्नल −४५.

दोहोंत २२ डीबीचा फरक. शक्तीच्या हिशेबात जवळचा नोड दीडशे पटीहून जास्त जोरकस. पण फोन त्याच्याकडे मान वर करून बघतही नाही, कारण −६७ अजून −७० झालेला नाही. फोनच्या दृष्टीने त्याचं बरं चाललेलं आहे.

म्हणून चौथा नोड घातक. नोड जितके दाटीने ठेवाल तितकी घरातली प्रत्येक जागा −७० च्या वर राहते, आणि फोनला हलण्याचं कारणच उरत नाही. बडोद्यातल्याच मांजलपूरकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीन नोडचा सेट बसवलेला बघितला की मी आधी एक नोड काढून खोक्यात घालायला सांगतो. तीनचा सेट स्वस्तात मिळाला म्हणून तिन्ही लावलेच पाहिजेत असं नाही.

आधी खरोखर अडचण आहे का ते बघा

मेशच्या अ‍ॅपमध्ये कोणता फोन कोणत्या नोडवर आहे ते दिसतं, पण ते चित्र बरेचदा मागे पडलेलं असतं. शिवाय हल्लीचे फोन आपला खरा मॅक पत्ता (जाळ्यावरची उपकरणाची ओळख, अ‍ॅपलच्या मॅकशी संबंध नाही) लपवून वेगळाच पत्ता दाखवतात, त्यामुळे यादीत फोन ओळखूच येत नाही. फोनकडूनच विचारून घेतलेलं बरं.

प्रत्येक नोडच्या प्रत्येक बँडला (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वाय-फायचे दोन लहरीपट्टे) स्वतंत्र ओळख असते, तिला बीएसएसआयडी म्हणतात. नाव सगळीकडे एकच असलं तरी ही ओळख वेगळी. एकेका नोडच्या अगदी शेजारी उभं राहून, वाय-फाय बंद-चालू करून, त्या ओळखीची शेवटची अक्षरं कागदावर लिहून घ्या: हॉल, किचन, माडी. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या वेगवेगळ्या येतील, दोन्ही लिहा. मग घरात कुठेही उभं राहिलात तरी फोन कुणाला धरून आहे ते नक्की सांगता येतं.

बघायचं कुठे? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'netsh wlan show interfaces' ही कमांड दिली की बीएसएसआयडी, चॅनल आणि सिग्नलची टक्केवारी येते. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा, सगळं तिथेच आहे. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वाय-फाय व्हर्बोज लॉगिंग चालू केलं की वाय-फायच्या यादीतच आकडे दिसायला लागतात. आयफोनवर अ‍ॅपलचं एअरपोर्ट युटिलिटी नावाचं जुनं अ‍ॅप घ्या. सेटिंग्जमध्ये त्याचा वाय-फाय स्कॅनर चालू करावा लागतो, मग तो आजूबाजूच्या प्रत्येक बीएसएसआयडीचा सिग्नल दाखवतो. रेंजच्या दांड्यांवर मात्र विसंबू नका.

आता खरी कसोटी. फोन लांबच्या नोडला चिकटलेला असताना त्याच जागेवर स्पीड टेस्ट घ्या. मग बंद-चालू करून जवळच्यावर आणा आणि पुन्हा घ्या. कधीकधी गंमत होते आणि लांबचाच वेगवान निघतो. जवळचा नोड स्वतः मुख्य राउटरशी वाय-फायनेच जोडलेला असेल आणि ती जोडणी कच्ची असेल, तर फोन ते नोड हे अंतर कितीही चांगलं असो, पुढे रस्ता अरुंदच. त्यातून दोन बँडचा सेट असला की नोड एकाच रेडिओवर फोनशीही बोलतो आणि मुख्य राउटरशीही, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. काही सेट हे ओळखून मुद्दामच फोनला मुख्य राउटरवर ठेवतात. तुमच्या घरी असं असेल तर फोनच्या मागे लागू नका, नोडची मागची जोडणी सुधारा.

घरात तिसराच कुणी वाय-फाय वाटतोय का

जिथे जिथे मी ही तक्रार बघायला गेलोय तिथे हे पहिल्यांदा तपासतो, आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा इथेच संपतं.

फायबरवाल्याने बसवलेल्या डब्यातही वाय-फाय असतो. मेश आणल्यावर तो बंद करायचा राहून जातो. किंवा कुणीतरी सल्ला दिलेला असतो की "त्यालाही तेच नाव, तोच पासवर्ड दे, म्हणजे फोन आपोआप उड्या मारेल." फोन उड्या मारतो खरा, पण दुसऱ्याच घरात. फायबरच्या डब्याचं जाळं वेगळं, मेशचं वेगळं. फोन एकातून दुसऱ्यात गेला की त्याचा आयपी पत्ता बदलतो, चालू कॉल तुटतो, आणि मेशला हा डबा आपल्या कुटुंबातला आहे हे माहीतच नसल्यामुळे तो फोनला परत बोलावू शकत नाही. प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर फोनमधला व्हिडिओ टाकता येत नाही, या तक्रारीही त्यातल्याच.

ओळखायचं सोपं आहे. चांगलं चालत असताना आणि अडकलेलं असताना, दोन्ही वेळी फोनच्या वाय-फायच्या तपशिलात आयपी पत्ता बघा. एकदा १९२.१६८.१ ने सुरू होणारा आणि एकदा १९२.१६८.६८ ने सुरू होणारा दिसला, तर घरात दोन जाळी आहेत. फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे २.४ आणि ५ दोन्ही वाय-फाय बंद करा. पासवर्ड नसेल तर फायबरवाल्याला फोन करून बंद करून घ्या, त्यांच्याकडून लांबूनही होतं. जमलं तर त्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (नुसतं इंटरनेट पुढे देणारा) टाकून घ्या, किंवा मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (नुसतं वाय-फाय वाटणारा), म्हणजे एकावर एक दोन राउटर बसणार नाहीत.

तसाच माळ्यावर किंवा जिन्याखाली प्लगमध्ये विसरलेला जुना एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल पुढे वाढवणारा डबा. मेश येण्याआधी घेतलेला असतो, जुन्याच नावाने इमानेइतबारे चालू असतो. काढा.

नोडची जागा

काकूंच्या घरी काम झालं ते जागेनेच. दिवाणखान्यातला नोड दारासमोरच्या फडताळावरून उचलून त्याच भिंतीला दोन हात बाजूला सरकवला, म्हणजे नोड आणि चौक यांच्या मधे ती दीड फुटाची भिंत आली. दिवाणखान्यात काही फरक पडला नाही. स्वयंपाकघरात त्याचा सिग्नल −६७ वरून −७६ वर आला. आता फोन चौक ओलांडतानाच शोधायला लागतो, आणि समोर −४५ चा नोड असल्यावर कुठे जायचं हा प्रश्नच उरत नाही. जाड भिंतीला सगळे शिव्या घालतात, पण चिकट फोनवर ती औषध आहे.

फक्त इथे एक पेच आहे, आणि मेश विकणारे तो सांगत नाहीत. नोड एकमेकांशी बिनतारी बोलत असतील तर त्यांना एकमेकांचा सिग्नल चांगला मिळायला हवा. फोन हलावा म्हणून मात्र एका नोडचा सिग्नल दुसऱ्याच्या हद्दीत कमजोर हवा. या दोन मागण्या उलट्या आहेत. नोडचा अँटेना फोनपेक्षा चांगला असतो, शिवाय तो उंचावर ठेवता येतो, म्हणून थोडी तडजोड जमते. पण जाड भिंतींच्या घरात ती ताणून-ताणून किती ताणणार?

त्यामुळे माझं मत सरळ आहे: केबल टाका. मेशचे नोड लॅन केबलने मुख्य राउटरला जोडले की ते एकमेकांना ऐकतात की नाही याची चिंता संपते, मग त्यांना हवं तितकं लांब आणि भिंतीआड ठेवता येतं. चौकाच्या कडेने कॅट-६ ची एक तार नेली की झालं. तांब्याच्या लॅन केबलला १०० मीटरची मर्यादा असते आणि आपलं घर कितीही लांब असलं तरी त्याच्या आतच बसतं. "मग वायरलेस कशाला घेतलं?" असं काकांनी विचारलंच. फोनला वायर नको म्हणून घेतलं, डब्याला नको म्हणून नव्हे.

जागेच्या बाबतीत बाकी नेहमीचंच: लोखंडी कपाटाच्या वर किंवा मागे नको, फ्रिजच्या शेजारी नको, टीव्हीच्या पाठीमागे तर नकोच. मोठ्या आरशाच्या पाठीमागेही नको. आरसीसीचा स्लॅब विटांच्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खातो, आणि ५ गिगाहर्ट्झचा २.४ पेक्षा जास्त.

आवाज कमी करा

जागा बदलता येत नसेल तर नोडची प्रक्षेपणशक्ती कमी करा. सगळ्या घरगुती सेटमध्ये ही सोय नसते. असली तर हाय, मीडियम, लो अशी येते, आणि ती डोळे झाकून हायवर असते. विशेषतः २.४ चा बँड मीडियम किंवा लोवर आणा. २.४ मुळातच ५ पेक्षा लांब पोचतो आणि भिंतीतून जास्त शिल्लक राहतो. म्हणून फोन हॉलमधल्या ५ वरून आधी हॉलमधल्याच २.४ वर उतरतो आणि तिथे सुखाने राहतो. २.४ ची शक्ती ५ पेक्षा साधारण ६ डीबीने कमी ठेवली की दोन्हींचं घरातलं वर्तुळ जवळजवळ सारखं होतं.

शक्ती कमी करायची म्हटलं की लोक दचकतात. दांड्या कमी होतील ना! होऊ देत. दांड्या म्हणजे फोनला राउटर किती ऐकू येतो एवढंच. राउटरला फोन किती ऐकू येतो ते त्या सांगत नाहीत. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, लांबच्या अगाशीवरचा लाउडस्पीकर आपल्याला खणखणीत ऐकू येतो, म्हणून आपण इथून मारलेली हाक तिकडे पोचते असं थोडंच आहे? राउटर फोनपेक्षा बऱ्याच जास्त शक्तीने बोलतो, आणि फोन बॅटरी वाचवत हळू आवाजात. म्हणूनच रेंज फुल असताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो चढता चढत नाही. राउटरचा आवाज फोनच्या जवळपास आणला की दांड्या निदान खरं बोलायला लागतात.

के, व्ही, आर

अ‍ॅपमध्ये 'फास्ट रोमिंग' नावाचं एक बटण असतं आणि सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर. त्याच्यामागे तीन वेगवेगळी मानकं असू शकतात. ८०२.११ के, २००८ चं, फोनला शेजारच्या नोडची यादी पुरवतं, म्हणजे शोधायला निघाल्यावर त्याला सगळे चॅनल धुंडाळावे लागत नाहीत. ८०२.११ व्ही, २०११ चं, त्यातून राउटर फोनला सांगू शकतो की बाबा रे, त्या नोडवर जा. हे सांगणं विनंतीच्या स्वरूपाचं, फोनने ऐकायलाच हवं असं नाही. आणि ८०२.११ आर, हेही २००८ चं, नव्या नोडशी ओळख पटवण्याची देवाणघेवाण झटपट उरकतं.

आर बद्दलच घोळ होतो. नावात 'फास्ट' असल्यामुळे फोन लवकर हलेल असं वाटतं. फोनने हलायचं ठरवल्यानंतरची प्रक्रिया जलद होते, ठरवणं नाही. चिकटलेल्या फोनला आर ने काही होत नाही. उलट जुने प्रिंटर, जुने लॅपटॉप, स्मार्ट प्लग हे आर चालू केलं की जाळ्याला जोडलेच जात नाहीत, असं अनेकदा होतं. के आणि व्ही वेगळे चालू करता येत असतील तर खुशाल करा. आर शेवटी करा, आणि केल्यावर घरातली सगळी जुनी उपकरणं एकदा तपासा.

सिग्नल अमुक आकड्याखाली गेला की फोनला हाकलायचं, अशी सोयही काही सेटमध्ये असते. युनिफाय नावाच्या सेटमध्ये तिला मिनिमम आरएसएसआय, म्हणजे किमान सिग्नल, म्हणतात. हे शेवटचं हत्यार. लावलंच तर −८० पासून सुरुवात करा आणि गरज पडली तरच −७५ पर्यंत या. फोनला दुसरीकडे जागाच नसेल तर तो हाकलला जातो, परत येतो, परत हाकलला जातो, आणि घरच्यांना वाटतं की आता तर वाय-फाय पूर्णच गेला.

लॅपटॉप, टीव्ही आणि कोपऱ्यातला कॅमेरा

विंडोजच्या लॅपटॉपवर इंटेलचं वाय-फाय कार्ड असेल तर बरं आहे, कारण चिकटपणाचा स्क्रू तिथे आपल्या हातात येतो. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स, वाय-फाय कार्डाचे प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे 'रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस' असतं, मूळ ठेवण मीडियमची. एक पायरी वर करा. सरळ हायेस्टवर नेलंत तर लॅपटॉप एका जागी बसूनही दोन नोडमध्ये लंबकासारखा हेलपाटे घालायला लागतो.

आयफोनवर असं काही सेटिंग नाही, त्यामुळे शोधत बसू नका.

टीव्ही, कॅमेरा, स्मार्ट प्लग ही मंडळी जागेवरून हलत नाहीत, तर त्यांना रोमिंग हवंय कशाला? टीव्हीला जमेल तिथे लॅन केबलच द्या. बाकीच्यांना एका नोडला बांधून टाका. टीपी-लिंक डेकोच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक उपकरणाच्या पानावर 'मेश टेक्नॉलॉजी' असं बटण आहे. उपकरण योग्य नोडवर असताना ते बंद केलं की ते तिथेच राहतं. फोनसाठी मात्र हे बटण चालूच असू द्या. कुणीतरी उत्साहात सगळ्यांचंच बंद करून ठेवलेलं असतं आणि मग फोन चिकटतो म्हणून आपल्याला बोलावणं येतं.

ठीक केलेलं पुन्हा का बिघडतं

"परवा तर तूच नीट करून गेलास" हे ऐकायचं नसेल तर विजेकडे बघा.

पुष्कळ घरांत दिवाणखान्यातला मुख्य नोड आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो, मागचे नोड साध्या प्लगवर. दुपारी दहा मिनिटं वीज जाते. मागचे नोड बंद पडतात आणि घरातली सगळी उपकरणं मुख्य नोडकडे धाव घेतात, दुसरीकडे जायला जागाच नसते. वीज येते, मागचे नोड दोन-तीन मिनिटांत उभे राहतात, पण गेलेली मंडळी परत येत नाहीत. त्यांचा सिग्नल −६५, −६८, म्हणजे उंबरठ्याच्या वर, मग ती कशाला येतील? फोन माणसाबरोबर घरभर फिरतो आणि कधीतरी हलतो. माडीवरचा कॅमेरा मात्र पुढच्या वीज जाण्यापर्यंत तिथेच अडकून राहतो.

उपाय दोन: सगळे नोड इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, किंवा प्रत्येकाला छोटा डीसी यूपीएस लावा. घेताना नोडच्या अ‍ॅडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. १२ व्होल्टचे पुष्कळ असतात पण सगळे नाहीत, आणि चुकीचा व्होल्ट दिला तर नोड जळतो.

रात्री अ‍ॅप आपोआप फर्मवेअर बदलतं किंवा 'ऑप्टिमायझेशन'च्या नावाखाली चॅनल बदलतं, तेव्हाही हेच नाटक होतं. सकाळी उठून बघावं तर सगळे एकाच नोडवर. आपोआप चॅनल बदलणं बंद करता येत असेल तर करा. २.४ साठी १, ६, ११ पैकी एक. ५ साठी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं. मधले ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावाच लागतो, आणि अशा नव्या चॅनलवर बसण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत थांबावं लागतं. तेवढ्यात फोन २.४ वर उतरलेले असतात आणि तिथेच रमतात.

अगाशीची गोष्ट वेगळी

१४ आणि १५ जानेवारीला अख्खं बडोदं अगाशीवर असतं आणि माझा फोन वाजत असतो: वर नेट चालत नाही. हा चिकटपणा नव्हे. वर फोन माडीवरच्या नोडला −८२ वर धरून असतो, कारण त्याहून बरं काहीच तिथे पोचत नाही. मधे स्लॅब आहे. बंद-चालू करून काही फरक पडत नाही, हीच खूण. इथे वर सांगितलेलं एकही सेटिंग उपयोगी पडत नाही. माडीवरचा नोड तेवढे दोन दिवस जिन्याच्या वरच्या टोकाला, अगाशीच्या दाराच्या आत नेऊन ठेवा आणि दार उघडं राहू द्या. बाहेर उन्हात नको, घरगुती नोड त्यासाठी बनवलेला नसतो. वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, संपल्यावर आठवणीने खाली आणा. नाहीतर फेब्रुवारीत माडीवर रेंज नाही म्हणून नवी तक्रार सुरू होते.

तपासायचं कसं

एका वेळी एकच गोष्ट बदला. नोड सरकवला, शक्ती कमी केली आणि फास्ट रोमिंगही लावलं, तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही, आणि प्रिंटर कशाने गेला तेही नाही.

चालून बघताना फोन नुसता हातात धरून चालू नका. डेटा चालू नसला की आयफोन १२ डीबीचा फरक मागतो आणि तुम्हाला वाटतं की काहीच सुधारलं नाही. घरातल्याच कुणालातरी व्हिडिओ कॉल लावा. त्याला मोबाइल डेटावर ठेवा, म्हणजे वाय-फायचा दोष तुमच्याच बाजूचा राहील. तुमचा मोबाइल डेटा मात्र बंद ठेवा. नाहीतर फोन गुपचूप त्याच्यावर सरकतो आणि निकाल खोटा येतो. मग दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत सावकाश चालत जा, ओट्यापाशी अर्धा मिनिट थांबा आणि बीएसएसआयडी कागदावरच्या अक्षरांशी ताडून बघा. चौकात कॉल क्षणभर अडखळला तर चालेल, तो बदलीचा क्षण असतो. परत येतानाही तसंच चाला, कारण जाताना हललेला फोन येताना हलतोच असं नाही. येताना अडकला तर आता स्वयंपाकघरातला नोड जास्त ओरडतोय, त्याची शक्ती एक पायरी खाली आणा.